एकेचाळीस नंबरची स्लाइड

४ फेब्रुवारी

आज सही केली. कागद चार पानी, सही शेवटच्या पानावर. "अभ्यासात भाग घेणाऱ्या कोणाचीही ओळख स्लाइड वाचणाऱ्यास कळू नये, कळल्यास त्याच दिवशी सांगावे." या ओळीखाली अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्वतःच्या पेनाने रेघ मारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कारण उघड आहे. धाकटा या अभ्यासात आहे — माझा सख्खा भाऊ, लहानपणापासूनचा दमेकरी. मीच त्याला हाताला धरून आणला!

"तुमच्या भावाचा नंबर तुम्हाला कळायचं कारणच नाही. नावं वरच्या मजल्यावर, स्लाइड्स खाली."

"आणि कळलाच तर?"

"तर माझ्याकडे यायचं. त्याच दिवशी."

बरं म्हटलं. त्यात काय अवघड आहे?

७ फेब्रुवारी

पहिली खेप आली. वर नर्स लोकांना खाऱ्या पाण्याची वाफ ओढायला लावते, ते खोकखोक खोकतात, कफ डबीत जातो, डबीवर नंबर. पुढचं सगळं आमच्याकडे, तळघरात. कफ पातळ करायचा, गरगर फिरवायचा, काचेवर पसरायचा, रंग द्यायचा. मग मायक्रोस्कोपखाली चारशे पेशी मोजायच्या. हातात बटणांचा काउंटर — टक, टक, टक. बावीस वर्षं हेच करते आहे. घरी वाटाणे सोलतानासुद्धा अंगठा हलतो.

मोजायच्या त्या मुख्यतः लाल्या. नाव मी ठेवलेलं. लाल दाण्यांनी ठासून भरलेली पेशी. श्वासनलिकेत सूज आली की या गर्दी करतात. निरोगी माणसात शंभरात एखाद-दोन. दमेकऱ्यांत दहा, वीस, एकदा तर त्रेचाळीस पाहिल्या होत्या. दुसऱ्या झाडूवाल्या — मोठ्या, ढबू, धूळ-घाण गिळून बसणाऱ्या.

अभ्यास साधा आहे. एकशे वीस दमेकरी. त्यांचा नेहमीचा पंप चालूच. त्यावर अर्ध्यांना ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसत्या तेलाची. कोणाला कुठली, हे संगणकाने ठरवलं आणि पाकिटात बंद केलं. सहा महिन्यांनी बघायचं — लाल्या कमी झाल्या का? डॉक्टरबाईंना विचारलं, होतील का? म्हणाल्या, "माहीत असतं तर तुम्हाला मोजायला बसवलं असतं का?"

उन्हातून मिळणारं जीवनसत्त्व, आणि त्याचा हिशेब ठेवणारे आम्ही दोघे वर्षभर तळघरात, ट्यूबलाइटखाली. आमचीच तपासणी करायला हवी खरं तर.

८ फेब्रुवारी

दोघे म्हणजे मी आणि तराजू. त्याला सगळेच तराजू म्हणतात, तोंडावर सोडून. माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. आवाज न करता डबा खातो, आवाज न करता शिंकतो. प्रत्येक स्लाइड दोघांनी वाचायची, आपापल्या वहीत लिहायची, एकमेकांचं बघायचं नाही. आकड्यांत पाचाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा डॉक्टरबाई वाचणार. आजवर तशी वेळ क्वचितच आली. वर्षाकाठी दोनदा वगैरे.

१९ फेब्रुवारी

४१-अ. (अ म्हणजे पहिली भेट.)

काचेवर नजर टाकली. झाडूवाल्या काळ्याकुट्ट! एकेक पेशी काजळीने भरलेली. अशी छाती विड्या ओढणाऱ्याची नसते. ही धुराच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याची.

धाकटा लाँड्रीत बॉयलरवर आहे. कोळशाचा बॉयलर. बारा वर्षं.

लाल्या पंधरा टक्के. नीट मोजल्या. चारशे झाल्यावर पुन्हा चारशे मोजल्या. पंधराच.

कोळशाजवळ काम करणारे एकशे वीसांत आणखी असतील की. असतीलच. आणि मला कळलंय थोडंच? नुसता अंदाज आहे. अंदाज आला तर सांगा, असं त्या कागदात कुठे लिहिलंय?

२० फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१ मार्च

रविवार. धाकट्याकडे गेले. दोन गल्ल्या सोडून तर राहतो. भावजय खिडकी पुसत होती, हा टेबलाशी बसून कॅप्सूल उजेडात धरून बघत होता, हिरा पारखायला घेतल्यासारखा.

"ताई, मला खरीच मिळालीय. माशाचा वास येतो."

"सगळ्यांनाच येतो. मुद्दाम तशाच बनवल्यात."

"तुला काय माहीत? तू तळघरात असतेस."

भावजय म्हणाली, "त्या गोळीला रोज नमस्कार तेवढा करायचा राहिलाय!" मग माझ्याकडे वळून, "ताई, जिना चढताना मध्ये थांबतात हो हे." तो म्हणाला, "शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतो. कौतुक करायला नको का कुणीतरी?"

हसलो. त्याचं हसणं खोकल्यात जातं, मग आम्ही दोघी गप्प बसून ते संपायची वाट बघतो.

घरी येताना आठवलं. तो पाच वर्षांचा असेल, मी अकराची. दम लागला की त्याला आडवं होता यायचं नाही. मी भिंतीला टेकून बसायचे आणि तो माझ्या छातीला पाठ लावून. त्याच्या बरगड्या माझ्या हातांखाली वरखाली व्हायच्या. आई गेल्यावर त्याची छाती माझ्याकडे आली, असं मीच ठरवून टाकलं. त्याला कोणी विचारलं नाही.

२ मार्च

पहिल्या भेटीच्या सगळ्या स्लाइड्स संपल्या. एकशे वीस. डोळ्यांची नुसती भाजणी झाली. तराजूने आपला मायक्रोस्कोप पुसला, झाकला आणि म्हणाला, "झालं." त्याच्या मानाने हे भाषणच.

२ जून

नवीन काही नाही. वरच्या मजल्यावरची नर्स सांगत होती, दोघांनी कॅप्सूल सोडल्या, एकीला दिवस गेले म्हणून तिला काढलं. धाकटा नियमित आहे. फोनवर म्हणाला, हल्ली बरं वाटतं. बरं वाटणं आणि बरं असणं वेगळं — पण ऐकून मलाही बरं वाटलं!

१२ ऑगस्ट

४१-ब आली!

सकाळच्या अकरा स्लाइड्समध्ये मधेच होती. झाडूवाल्या तशाच काळ्या, म्हणून क्षणात ओळखली. आणि लाल्या? चार टक्के! पंधरावरून चार! टक टक करत गेले, चारशे झाल्या, काउंटरकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मायक्रोस्कोपवर पाणी पडू नये म्हणून मागे सरकले. तराजूने मान वर केली. "डोळ्यात काहीतरी गेलं," म्हटलं. तो पुन्हा खाली बघायला लागला.

दुसऱ्यांदा मोजली नाही. कशाला?

उरलेल्या भराभर केल्या. आज जेवण गोड लागलं. किती वर्षांनी असा दिवस आला. त्याला मोकळा श्वास घेता येणार, नातवंडांमागे पळता येणार. नातवंडं व्हायची आहेत अजून, पण म्हणून काय झालं.

१६ ऑगस्ट

माझ्या जिभेला हाड नाही.

धाकट्याकडे गेले होते. बोलायचं नव्हतंच. तो म्हणाला, "अभ्यास संपला माझा. पुन्हा ती खारट वाफ ओढली, आतडी बाहेर आली. आता कळेल तेव्हा कळेल." आणि मी म्हणून गेले, "तुझं आतून बरं चाललंय, काळजी करू नकोस."

भावजयीने नळ बंद केला. धाकटा माझ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तुला दिसलं?"

"मला काय दिसायचंय! सहज म्हटलं."

पण मी हसले. ते हसू त्याने बरोबर वाचलं. पन्नास वर्षं माझा चेहरा वाचतोय तो. निघताना दारापर्यंत सोडायला आला, एरवी येत नाही.

२५ ऑगस्ट

४१-ब तिसऱ्या वाचनाला गेली. माझे चार, तराजूचे तेरा. डॉक्टरबाईंचे चौदा.

मला म्हणाल्या, "होतं कधी कधी. स्लाइड जाड झालीय एका बाजूला." तेवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे जेवायला गेल्यावर ती स्लाइड परत काढली. डोळ्यांत तेल घालून बघितली. जाड बाजूला लाल्यांचे पुंजकेच्या पुंजके. मी ते "पुसट आहे, मोजण्यासारखं नाही" म्हणून सोडून पुढे गेले होते. एकदा नव्हे, सहा ठिकाणी. आणि विरळ भागात रेंगाळले होते. कोणी म्हणेल, खोटं लिहिलंस. नाही! एकही बटण चुकीचं दाबलं नाही. फक्त त्या जिथे नव्हत्या तिथे जास्त वेळ बघत बसले. बावीस वर्षांत नव्या मुलींना मीच शिकवते — आपल्याला काय हवंय ते काचेला विचारू नका. काय पण शिकवणारी!

आणि धाकट्याला सांगून बसले आहे.

२६ ऑगस्ट

त्याला सांगायला हवं की चूक झाली. पण मग तो विचारणार, तुला नंबर कसा कळला. मग डॉक्टरबाईंना सांगावं लागणार. मग सगळंच. बावीस वर्षं. उद्या सांगते.

२९ ऑगस्ट

उद्या.

३ सप्टेंबर

सकाळी अकराला भावजयीचा फोन. "ताई, यांना वॉर्डात आणलंय, तुम्ही या." आमचंच हॉस्पिटल, मागची इमारत. अंगातला कोट तसाच ठेवून धावले.

धाकटा पलंगावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत. तोंडाला मास्क. ओठ बघवत नव्हते. मला बघून बोट वर केलं, म्हणजे थांब, बोलतो. बोलता आलंच नाही. मी त्याच्या पाठीमागे जाऊन पलंगावर बसले आणि त्याला टेकू दिला. सिस्टर म्हणाली, "अहो बाई, असं बसू नका," मग माझा कोट बघून गप्प झाली. बरगड्या तशाच वरखाली होत होत्या. फक्त माणूस मोठा झालाय, वजन पेलत नाही मला.

दुपारी दोननंतर औषधांनी सैल पडला. तीनला झोपला. जीव भांड्यात पडला.

मग भावजय पॅसेजमध्ये म्हणाली — रागावून नाही, नुसती दमून — "पंप बंद केला होता ताई त्यांनी. सोळा तारखेपासून. मी भांडले. म्हणाले, ताईने बघितलंय, आतून सुधारलंय, आता कशाला ती औषधं."

तिने मला पाणी आणून दिलं. तिने मला!

४ सप्टेंबर

सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर, उभ्यानेच. फेब्रुवारीतली काजळी, अंदाज, न सांगणं, चार टक्के, रविवार, पंप. मधे एकदाही थांबवलं नाही त्यांनी.

"बसा," म्हणाल्या शेवटी. "भाऊ कसा आहे?"

"आज जेवला."

"मग आधी एक ऐका. आमच्या कॅप्सूलने लाल्या शून्य झाल्या असत्या —" (माझं नाव वापरतात त्याही!) "— तरी पंप बंद करायला मी सांगितलं नसतं. हे त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. मी वॉर्डात जाते."

"आणि माझं?"

"तुम्ही वाचलेली प्रत्येक 'ब' स्लाइड पुन्हा वाचावी लागेल. तुम्ही वाचणार नाही. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला मी लिहून कळवणार, तुमच्या नावानिशी. एकेचाळीस हा तुमचा भाऊ आहे की नाही, मला माहीत नाही. बघणारही नाही."

हो म्हटलं. खोलीबाहेर आले आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली.

८ सप्टेंबर

रंगकामाच्या टेबलावर बदली. काचा बुडवायच्या, धुवायच्या, सुकवायच्या. बोटं जांभळी. काउंटर तराजूकडे गेला. अंगठा उगाच हलतो.

१३ सप्टेंबर

धाकटा घरी आला. आज त्याच्यासमोर बसून सांगितलं. तुझी स्लाइड ओळखली असं वाटलं, मग तुझ्या मायेपोटी चुकीची मोजली, मग तोंड बंद ठेवता आलं नाही, मग उघडायला हवं होतं तेव्हा उघडलं नाही.

"रागाव की रे," म्हटलं.

"दम पुरत नाही गं रागवायला." मग पंप तोंडाला लावला, दहा आकडे मनात मोजले, सोडला. "डॉक्टरबाई येऊन गेल्या. मला झाडलं आणि तुझी बाजू घेतली. म्हणाल्या, तुमची बहीण खोटारडी नाही, बहीण आहे. एवढाच घोटाळा आहे."

भावजयीने पंपाची वेळ भिंतीवर लिहून ठेवली आहे. मोठ्या अक्षरात, माझ्या नजरेस पडेल अशी. बरोबरच आहे.

३० सप्टेंबर

तराजूने सगळ्या "ब" पुन्हा वाचून संपवल्या. एकशे चौदा, मधेच गळालेले सहा सोडून. पूर्वीच्या माझ्या वहीशी डॉक्टरबाईंनी ताडून बघितल्या. संध्याकाळी निघताना तो माझ्या टेबलाशी थांबला. बावीस वर्षांत कधी थांबला नव्हता.

"एकशे तेरा जुळल्या, बाई. एकच नाही जुळली."

आणि गेला. मी जांभळ्या हातांनी तशीच उभी. रडायला आलं, चांगलंच आलं.

२१ नोव्हेंबर

पाकीट उघडलं. वरच्या मजल्यावर सगळे जमले, मला पण बोलावलं. कॅप्सूलवाल्यांच्या रक्तात जीवनसत्त्व भरपूर वाढलंय. लाल्या जिथल्या तिथे. दोन्ही गटांत सारख्याच. फरक म्हणावा असा नाहीच.

"आपल्या एवढ्याशा अभ्यासात तरी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तसंच लिहायचं." कोणी हळहळलं, कोणी बिस्किटं संपवली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही फारसं. आकडे खरे आहेत, माझा तेवढा एक काढून टाकून.

१८ डिसेंबर

भाग घेणाऱ्यांना पत्रं गेली. धाकट्याने आपलं आणून दाखवलं. त्याला खरी कॅप्सूल मिळत होती — "बघ, म्हटलं नव्हतं!" वर छापलंय, सहभागी क्रमांक ६३.

त्रेसष्ट!

जुनी वही काढून बघितली. ६३-ब, बारा ऑगस्ट. एकेचाळीसनंतर लगेचची. लाल्या एकोणीस टक्के. झाडूवाल्या स्वच्छ. अक्षर माझंच, सुबक. समोर काही शेरा नाही.

"काजळी कशी नाही रे तुझ्या छातीत?"

धाकटा पत्राची घडी घालत बसला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली ताई, मालकाने बॉयलरवरून काढलं. फावडं उचलवेना. चादरींच्या घड्या घालतो आता, बायकांबरोबर बसून. तुला नाही सांगितलं. तू लगेच माझ्या पाठीमागे येऊन बसली असतीस."